कार्ड ते कार्डच?

"मेमरी कार्ड ना? कुठलंही घ्या हो, कार्ड ते कार्डच!"

मंडळी, हे वाक्य मी गेल्या महिन्याभरात चार जणांकडून ऐकलं. त्यातले तिघे माझ्यासारखेच संगणकाच्या धंद्यातले, चौथा दुकानदार. दुकानदाराला माफ, त्याला कार्ड विकायचं होतं. बाकीच्या तिघांसाठी हा वीकांताचा लेख.

विषय अंमळ आडवाटेचा आहे. छोट्या विमानांच्या कॉकपिटमध्ये हल्ली घड्याळं-काटे नसतात, पडदे असतात. त्या पडद्यांना दर २८ दिवसांनी नवा डेटा लागतो. तो एसडी कार्डावरून चढवतात. कार्ड खराब झालं किंवा हरवलं की त्याच्या जागी कुठलं घ्यायचं, एवढाच प्रश्न. विमान देखभालीच्या क्षेत्रातल्या एका शाळासोबत्याने तो मला फोनवर विचारला, "काहून रे, तू कॉम्प्युटरवाला ना? मंग सांग बरं, कोणतं कार्ड घेऊ?" मी हापिसात हाच प्रश्न टाकला तर वरचं उत्तर मिळालं. वर "६४ जीबी घे, सेलमध्ये स्वस्त आहे" हा सल्ला फुकट.

"आम्ही कुठे विमान चालवतो" म्हणून टॅब बंद करू नका. प्रश्न विमानाचा कमी आणि आपल्या सवयीचा जास्त आहे.

आधी जागा समजून घेऊ. गोंदियाजवळ बिरसीला दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली धावपट्टी आहे. भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि कॅनडाची सीएई कंपनी यांनी मिळून तिथे वैमानिक घडवणारी राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था उभी केली, आणि डायमंड कंपनीची डीए-४०, डीए-४२ ही छोटी विमानं आमच्या भागातल्या पोरांच्या ओळखीची झाली. या विमानांत गार्मिन कंपनीची जी-१००० ही पडद्यांची यंत्रणा असते. धावपट्टीभोवती भातशेती आहे, सगळं सपाट. पण जिल्ह्याच्या पूर्व टोकाला सालेकसा तालुक्यात जा. दरेकसा स्टेशनवर उतरा, धनेगावहून चालायला लागा, की कचारगड येतं. माघ पौर्णिमेला इथे गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. कोया पुनेमच्या कथेत पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी ज्या गुहेतून कोंडलेल्या मुलांना सोडवलं, ती ही गुहा. गुहेपाशी उभं राहून बघितलं की मैकलच्या रांगा एकामागे एक दिसतात. नुसतं जंगल. रात्री त्यात दिवा म्हणून दिसत नाही.

आपण जे डोंगर पायाने चढतो, तेच वैमानिकाच्या पडद्यावर रंग होऊन येतात. जमीन विमानाच्या १०० ते १००० फूट खाली असेल तर पिवळी दिसते. त्याहून जवळ किंवा विमानाच्या वर असेल तर लाल. हा लाल रंग कुठून येतो? उपग्रहावरून नाही. पडद्याच्या कडेला दोन खाचा असतात, त्यातल्या खालच्या खाचेत कायम बसवलेल्या, टपाल तिकिटाएवढ्या एसडी कार्डातून.

या टापूतल्या डोंगरांत विमान पडलेलं आहे. १८ मार्च २०२३ ला बिरसीहून उडालेलं एक प्रशिक्षण विमान शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातल्या डोंगराळ जंगलात कोसळलं आणि त्यातले दोघेही गेले. त्याचा कार्डाशी संबंध मी अजिबात जोडत नाहीये. अपघाताची कारणं शोधायला तपास यंत्रणा असतात, ब्लॉगवाले नाही. सांगायचं एवढंच की या डोंगरांवरून उडणारी बहुतेक पोरं विशीतली असतात, शिकत असतात, आणि पडदा दाखवतो त्यावर विश्वास ठेवायला त्यांना आपणच शिकवतो.

आता २८ दिवसांची भानगड. विमानतळ, धावपट्ट्या, मार्गबिंदू, रेडिओ वारंवारिता यात जगभर बदल होत असतात. ते कोणी कधीही जाहीर केले तर गोंधळ होईल, म्हणून एआयरॅक नावाची पद्धत आहे. दर २८ दिवसांनी, गुरुवारी, सगळे बदल एकदम लागू. वर्षात १३ फेऱ्या. २०२० मध्ये चौदावी आली, कारण ती नेमकी ३१ डिसेंबरला पडली. आपल्याकडचीच उदाहरणं घ्या. शिर्डीचा विमानतळ २०१७ मध्ये सुरू झाला, सिंधुदुर्गचा २०२१ मध्ये, नवी मुंबईचा २०२५ मध्ये. त्याआधीचा डेटा असलेल्या यंत्राला यातलं काही ठाऊक नसतं.

ही माहिती प्रवास कशी करते ते बघा. देशाचं प्राधिकरण ती अधिकृतपणे प्रसिद्ध करतं. जेपसन किंवा गार्मिनसारख्या कंपन्या ती उचलून एआरआयएनसी-४२४ या ठरलेल्या साच्यात बसवतात. त्या प्रक्रियेला डीओ-२००बी नावाचं स्वतंत्र मानक आहे. कोणी काय बदललं याची नोंद राहते. फाइलवर सीआरसी असतो, म्हणजे एक बिट हलला तरी कळावं अशी सोय. एवढा सगळा सोवळ्यातला स्वयंपाक झाल्यावर शेवटचा घास कुठून जातो? कोणाच्या तरी लॅपटॉपवरून, कुठल्या तरी कार्ड रीडरमधून, सेलमध्ये घेतलेल्या कार्डावर. पंगतीला पत्रावळ कोणी धुतली ते कोणी विचारतच नाही!

"अरे पण सीआरसी आहे ना! डेटा बिघडला तर यंत्र घेणारच नाही. मग बिघडलं काय?" हा आमच्या हापिसातला पहिला आक्षेप. आक्षेप चांगला आहे आणि अर्धा खरा आहे. सीआरसीमुळे चुकीचा डोंगर दिसण्याची शक्यता फार कमी होते. पण त्याऐवजी काय होतं? डोंगर दिसतच नाही. भूप्रदेशाचं चित्र जातं आणि कोपऱ्यात 'टेरेन फेल' असा संदेश येतो. किंवा एका पडद्यावर नवी आवृत्ती चढते, दुसऱ्यावर चढत नाही, आणि 'डेटाबेस मिसमॅच' येऊन दोन पडद्यांचं आपसातलं बोलणं बंद होतं. कारण या यंत्रणेत मार्गदर्शनाचा डेटा प्रत्येक पडद्याच्या पोटात स्वतंत्रपणे भरावा लागतो. हे जमिनीवर झालं तर विमान हँगरमध्ये अडकतं, पोराचा तास बुडतो, पैसे जातात. हवेत झालं तर ज्याच्या डोक्यात आधीच दहा गोष्टी चालू आहेत त्याला अकरावी मिळते.

त्याहून वाईट म्हणजे सवय. ही यंत्रणा सुरू होताना डेटाबेसच्या तारखा दाखवते आणि बटण दाबून 'वाचलं' असं कबूल करायला लावते. कार्ड रोजच कुरकुर करत असेल तर महिन्याभरात तो संदेश न वाचता बटण दाबलं जातं. आपण 'कुकीज मान्य' वर क्लिक करतो तस्सं. खोटी आरडाओरड ऐकून ऐकून बहिरं होणं हा मानवी स्वभाव आहे, त्याला सीआरसी नाही.

बरं, मग चांगलं कार्ड म्हणजे कोणतं? इथे आपल्या जमातीचं ज्ञान उघडं पडतं. सेलच्या पानावर काय लिहिलेलं असतं? 'क्लास १०', 'यू-थ्री', 'व्ही-३०', 'फोर-के', 'हाय एन्ड्युरन्स'. या कामासाठी यातलं एकही अक्षर उपयोगाचं नाही. वेग? विमानाचा पडदा फोर-के सिनेमा काढत नाहीये. टिकाऊपणा? वर्षातून १३ वेळा लिहायचं, म्हणजे दहा वर्षांत १३० वेळा. सगळ्यात भिकार फ्लॅशसुद्धा काहीशे वेळा लिहू देते. त्यामुळे "इंडस्ट्रियल एसएलसीच पाहिजे, एक लाख वेळा लिहिता येतं" असं सांगून कोणी दहापट किंमत लावत असेल तर त्यालाही हाच हिशोब दाखवा. खर्चिक म्हणजे सुरक्षित, हाही 'कार्ड ते कार्डच'चा सख्खा भाऊ.

खरे प्रश्न वेगळेच आहेत, आणि कंटाळवाणे आहेत.

पहिला, क्षमता. इथे मोठं म्हणजे चांगलं नाही. मूळ एसडी कार्ड २ जीबीपर्यंतचं. २००६ मध्ये एसडीएचसी आलं, ३२ जीबीपर्यंत. २००९ मध्ये एसडीएक्ससी. तिघांचा आकार एकच, खाचेत तिन्ही बसतात, आणि इथेच फसगत होते. जुनं कार्ड पत्ता बाइटमध्ये घेतं, एसडीएचसी ५१२ बाइटच्या ठोकळ्यांत. जुन्या वाचकाला हा फरक शिकवलेलाच नसतो. फाइल ठेवण्याची पद्धतही बदलते. २ जीबीला फॅट-१६, एसडीएचसीला फॅट-३२, एसडीएक्ससीला एक्सफॅट. त्यातून २ जीबीच्या कार्डाला आपली मापं सांगताना १०२४ बाइटचा ठोकळा धरावा लागतो, आणि काही फार जुने वाचक तिथेही अडखळतात. म्हणून तुमच्या विमानातल्या यंत्रणेची आणि तिच्या सॉफ्टवेअर आवृत्तीची पुस्तिका काय म्हणते ते आधी, दुकान नंतर. पुस्तिका २ जीबी म्हणत असेल तर २ जीबीच. "६४ मध्ये २ येतातच की" हा युक्तिवाद पाण्याच्या टाकीला चालतो, इथे नाही.

दुसरा, उष्णता. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५च्या आसपास असतो. डीए-४० चं छत म्हणजे मोठा पारदर्शक घुमट. असं विमान उन्हात उभं राहिलं की आत काय होत असेल ते बंद गाडीत बसून बघा. फ्लॅशमधला डेटा म्हणजे कोंडून ठेवलेले इलेक्ट्रॉन. उष्णता वाढली की ते लवकर निसटतात. म्हणजे कार्ड लिहून झिजत नसलं तरी नुसतं बसून विसरू शकतं. कार्ड किती तापमानाला चालेल हे निर्मात्याच्या तांत्रिक पत्रकात असतं, वेष्टनावरच्या चित्रात नाही. औद्योगिक कार्डं सहसा उणे ४० ते ८५ अंश सांगतात. टीएलसीपेक्षा एसएलसीला इथे थोडा अर्थ आहे, कारण प्रत्येक कप्प्यात एकच बिट असल्याने थोडे इलेक्ट्रॉन गळाले तरी वाचताना घोटाळा होत नाही. म्हणजे योग्य कार्ड, पण विकणारा सांगतो त्या कारणासाठी नाही :-)

तिसरा, आत काय आहे. कार्ड म्हणजे फ्लॅश आणि तिच्यावर बसलेला एक छोटा संगणक. ग्राहकांच्या बाजारातल्या कार्डांत तेच नाव, तेच वेष्टन, पण आतला तो संगणक आणि फ्लॅश कधीही बदलतात, आणि बदल कळवायला कंपनी बांधील नसते. औद्योगिक कार्डांचे चांगले निर्माते आतला माल कायम ठेवतात आणि बदलला तर आधी कळवतात. तुम्ही आज तपासलेलं कार्ड आणि पुढच्या वर्षी घेतलेलं कार्ड एकच असावं, हे एवढं वाक्य विकत घ्यायला थोडे जास्त पैसे द्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

चौथा, आणि सगळ्यात मोठा, खोटा माल. अँड्र्यू 'बनी' हुआंग नावाच्या हार्डवेअरवाल्याने २०१० मध्ये हे प्रकरण मुळापासून खणलं. चुंबी नावाच्या उपकरणासाठी आलेल्या नामांकित छापाच्या मायक्रोएसडी कार्डांत त्याला गडबड दिसली. मग त्याने शेन्झेनच्या बाजारातून कार्डं आणून, वरचं आवरण विरघळवून, आतल्या चिपा बघितल्या. वरच्या छापाचा आतल्या मालाशी संबंध असेलच असं नाही, हे त्याने फोटोंसकट दाखवलं. आज २ जीबीचं कार्ड साध्या दुकानात मिळत नाही. मला पुण्यातल्या एका दुकानदाराने "म्युझियममध्ये बघा" असं सांगितलं. मग लोक जालावर शोधतात. जी वस्तू सहज मिळेनाशी होते पण गरज मात्र संपत नाही, तिथे नक्कल करणाऱ्यांचं फावतं. म्हणून बिल देणारा अधिकृत वितरक, आणि घेतल्यावर पूर्ण कार्ड भरून परत वाचणं. एफथ्री किंवा एच-टू-टेस्ट-डब्ल्यू हे फुकटचे प्रोग्राम नेमकं हेच करतात. लॅपटॉपला थेट एसडीची खाच असेल तर लिनक्सवर कार्डाची आतली ओळखही वाचता येते. निर्माता, अनुक्रमांक, बनल्याचा महिना. वरचा छाप आणि आतली ओळख जुळत नसेल तर कार्ड कचऱ्यात.

पाचवा प्रश्न आपला स्वतःचा, म्हणजे लॅपटॉपचा. मॅकवाले मित्रहो, तुमचं यंत्र कार्डावर न विचारता लपलेल्या फाइली सोडून जातं. विंडोजवालेही हसू नका, तुमचंही एक फोल्डर असतंच. आणि 'सेफली रिमूव्ह' न करता कार्ड उपटणारे आपणच. कार्डाच्या कडेची ती छोटी कळ सरकवली की लिहिणं बंद होतं असं वाटतं ना? ती कळ आत कशालाही जोडलेली नसते. रीडरने ती बघायची आणि मान द्यायचा, बास. म्हणून या कामाचा लॅपटॉप वेगळा, कार्ड वेगळं, फॉरमॅट एसडी असोसिएशनच्या फॉरमॅटरने, आणि कार्डावर विमानाचं नाव. त्या कार्डावर फोटो नाही, गाणी नाही, भाच्याचा गृहपाठ नाही.

दुसरा आक्षेप: "वैमानिकाने खिडकीतून बघून उडवावं, पडद्यावर कशाला विसंबायचं?" मान्य. पण मग पडदा लावलाच कशाला? जी वस्तू विमानात आहे ती एक तर चालली पाहिजे, नाही तर 'बंद' असं लिहून ठेवलेली पाहिजे. मधली अवस्था, म्हणजे 'चालते कधीकधी', ही सगळ्यात धोक्याची. आपल्या सर्व्हरच्या बाबतीत हे आपण तावातावाने सांगतो की.

तिसरा आक्षेप आमच्या टीममधल्या एका हुशार मुलीचा, आणि तो मला आवडला. ती म्हणाली, "हा सगळा सोवळेपणा आहे. जेपसनने सुरुवात दहा सेंटच्या वहीवर केली होती." बरोबर. १९३० च्या दशकात टपालाची विमानं उडवणाऱ्या एलरे जेपसनने दहा सेंटची वही घेऊन त्यात धावपट्ट्या, उतार, अडथळे लिहायला सुरुवात केली आणि त्यातून आजचा सगळा धंदा उभा राहिला. जुन्या बोइंग ७४७-४०० मध्येही हाच २८ दिवसांचा डेटा साडेतीन इंची फ्लॉपीवरून चढवत असत. २०२० मध्ये सुरक्षा संशोधकांनी निवृत्त झालेल्या अशा एका विमानाचा व्हिडिओ दाखवला तेव्हा जालावर केवढी हशा पिकली होती! पण जेपसनच्या वहीतली उंची कुठून आली? तो उंचीमापक घेऊन स्वतः टेकड्यांवर आणि धुराड्यांवर चढायचा. वही दहा सेंटची होती, आकडा मात्र स्वतः चढून तपासलेला होता. फ्लॉपीचंही तेच. साधन जुनं, पण ठरलेलं, माहितीतलं, तपासलेलं. आपण नेमकं उलट करतो. साधन नवंकोरं घेतो आणि तपासणी गाळतो.

म्हणून माझं भांडण स्वस्त कार्डाशी नाही, 'चालतंय की'शी आहे. सरकारी निविदेत सगळ्यात कमी बोली लावणाऱ्याला काम दिलं की आपण ट्विटरवर तोंडसुख घेत होतो, आता एक्सवर घेतो. पण कार्ड घेताना 'किंमत: कमी ते जास्त' ही कळ आपणच दाबतो. तपशीलपत्रक न वाचता पंचतारे देतो. आणि आपल्या लेखी स्टोरेज म्हणजे ढगात कुठेतरी असलेली, फुकट, अमर गोष्ट. एक प्रत गेली तर दोन आहेत. कॉकपिटमध्ये दुसरी प्रत नसते. पुढच्या खाचेत एक कार्ड आणि खाली सालेकसाचं जंगल.

शाळासोबत्याला मी शेवटी काय सांगितलं ते लिहितो, म्हणजे प्रतिसादात कोणी विचारायला नको. पुस्तिकेत लिहिलेल्या क्षमतेचं आणि शिफारस केलेल्या छापाचंच घे. एकाच वेळी, एकाच वितरकाकडून, प्रत्येक पडद्यासाठी एक आणि वर दोन जास्तीची घे. प्रत्येक पूर्ण भरून, वाचून बघ, तारीख लिही. खालच्या खाचेतलं कार्ड आणि अपडेट चढवायचं कार्ड यांची सरमिसळ करू नकोस. उन्हाळा संपला की खालचं कार्ड पुन्हा तपास. एखाद्याने एकदाही कुरकुर केली की 'परत लावून बघू' न करता मोडून टाक, म्हणजे कोणी कनवाळू माणूस ते कचऱ्यातून उचलून वापरणार नाही. हिशोब केला तर सगळा मिळून खर्च एका शिकाऊ उड्डाणाच्या तासापेक्षाही कमी.

तो म्हणाला, "एवढं कोण करते बे?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की डेटाबेस बनवणारे करतात, सीआरसी लिहिणारे करतात, पडदा बनवणारे करतात. आपल्या वाट्याला फक्त शेवटचं तीन बोटांत मावणारं काम आलंय. तेवढं तरी नीट करू या. बाकी ज्यांना अजूनही कार्ड ते कार्डच वाटतंय त्यांनी आपल्या लग्नाचे फोटो सेलमधल्या त्या ६४ जीबीवर ठेवावेत, एकच प्रत, आणि मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर. (ह.घ्या.)